पुढची तारीख

माझा रक्तगट ओ निगेटिव्ह. साताऱ्याला कॉलेजात असताना त्याचा अर्थ एवढाच होता, की रक्तदान शिबिरातले कार्यकर्ते माझा फोन नंबर वेगळ्या वहीत लिहून घ्यायचे. दुसरा अर्थ कळला तो इथे मेलबर्नला, लेकीच्या वेळी. अठ्ठाविसाव्या आठवड्यात मिडवाइफने अँटी-डीचं इंजेक्शन काढलं आणि टोचण्याआधी माझ्यापुढे एक कागद ठेवला. हे औषध माणसाच्या रक्तापासून बनतं, घ्यायला तुमची संमती आहे का, असं त्यात विचारलं होतं.

"कुणाच्या रक्तापासून?" मी विचारलं.

"अख्ख्या देशात दोनशेसुद्धा दाते नाहीत याचे," ती म्हणाली. "तेच ते लोक वर्षानुवर्षं येऊन देतात."

चौतिसाव्या आठवड्यात पुन्हा एक इंजेक्शन झालं. लेकीचा गट पॉझिटिव्ह निघाला म्हणून बाळंतपणानंतर आणखी एक. तिन्ही वेळा मी दंड पुढे केला आणि कुणाचे आभार मानायचे हे काही मला कळेना.

आई निगेटिव्ह आणि बाळ पॉझिटिव्ह असलं तरी पहिल्या खेपेला बहुधा काही बिघडत नाही. पण बाळंत होताना बाळाच्या थोड्याशा लाल पेशी आईच्या रक्तात उतरतात. आईचं शरीर त्यांना परकं समजतं आणि त्यांच्याविरुद्ध अँटीबॉडीज तयार करून ठेवतं. पुढच्या गरोदरपणात याच अँटीबॉडीज वारेतून बाळापर्यंत पोचतात आणि त्याच्या लाल पेशी फोडायला लागतात. मग बाळाचं रक्त कमी होतं, जन्मल्या जन्मल्या कावीळ चढते, कधी मेंदूला इजा होते, कधी बाळ पोटातच जातं. अँटी-डी म्हणजे दात्यांच्या रक्तातून घेतलेल्या अशाच तयार अँटीबॉडीज. त्या वेळेवर मिळाल्या तर आईच्या शरीरात ही तयारी सुरूच होत नाही. १९६० च्या दशकात न्यूयॉर्क आणि लिव्हरपूलच्या डॉक्टरांनी हा उपाय शोधून काढला. न्यूयॉर्कच्या गटातले जॉन गॉर्मन मूळचे ऑस्ट्रेलियाचेच.

हे सगळं वाचताना मला माझ्या आजीची थोरली बहीण आठवत होती. आम्ही सगळे तिला अक्का म्हणायचो. तिचा पहिला मुलगा ठणठणीत. त्याच्यानंतरची बाळं जन्मली ती पिवळीधमक, आणि आठवड्याच्या आत गेली. कुणी दृष्ट लागली म्हणालं, कुणी कुलदैवताचं काही राहून गेलंय म्हणालं. सासूने तर उघडउघड तिलाच बोल लावला, हिच्या पोटातच विष आहे म्हणून. म्हातारपणी खुब्याच्या ऑपरेशनसाठी रक्त तपासलं तेव्हा गट निघाला बी निगेटिव्ह. डॉक्टर तरुण होते, पण माणूस समजून घेणारे. त्यांनी बाळंतपणांची चौकशी केली, सगळं ऐकून घेतलं आणि साध्या शब्दांत तिला समजावलं. अक्का बराच वेळ गप्प होती. मग आईकडे वळून म्हणाली, "म्हणजे माझं काही चुकलं नव्हतं गं?" तेव्हा ती सत्तरीच्या पुढे होती.

ऑस्ट्रेलियात अँटी-डी म्हटलं की एक नाव निघतंच, जेम्स हॅरिसन. सिडनीकडचे हे गृहस्थ रेल्वेत कारकून होते. १९५१ मध्ये, चौदा वर्षांचे असताना, त्यांच्यावर छातीची मोठी शस्त्रक्रिया झाली आणि त्यांना पुष्कळ रक्त चढवावं लागलं. तू अनोळखी माणसांच्या रक्तामुळे वाचलास, असं वडिलांनी त्यांना सांगितलं. अठरा वर्षं पूर्ण झाल्यावर मीही देईन, असं त्यांनी तेव्हाच ठरवलं आणि १९५४ पासून द्यायला सुरुवात केली. पुढे त्यांच्या प्लाझ्मात, म्हणजे रक्तातल्या पेशी सोडून उरणाऱ्या पातळ भागात, अँटी-डी अँटीबॉडी भरपूर प्रमाणात सापडली. लहानपणी चढवलेल्या त्या रक्तामुळेच ती तयार झाली असावी, असं डॉक्टरांना वाटतं. १९६७ मध्ये ऑस्ट्रेलियात अँटी-डीचा कार्यक्रम सुरू झाला तेव्हापासून हॅरिसन त्यात होते. २०१८ मध्ये, ८१ व्या वर्षी, वयाच्या नियमामुळे थांबावं लागलं तोवर त्यांनी १,१७३ वेळा रक्त आणि प्लाझ्मा दिला होता. सुईची त्यांना भीती होती. टोचताना त्यांनी एकदाही हाताकडे बघितलं नाही, नजर कायम दुसरीकडे. फेब्रुवारी २०२५ मध्ये ते गेले.

ते गेल्यावर जगभरच्या बातम्यांत 'चोवीस लाख बाळांना वाचवणारा माणूस' असे मथळे होते. तो आकडा समजून घ्यायला हवा. त्यांच्या प्लाझ्मापासून बनलेली अँटी-डी ज्या मातांना मिळाली त्यांच्या बाळांचा तो अंदाज आहे. त्या प्रत्येक बाळाला धोका होताच असं नाही, आणि ते इंजेक्शन इतर दात्यांच्या प्लाझ्मातूनही बनत होतं. पण कुठल्या बाळाला धोका होता हे आधी कुणालाच सांगता येत नव्हतं, म्हणून सगळ्यांना द्यायचं. १९९२ मध्ये त्यांच्या स्वतःच्या मुलीलाही अँटी-डी घ्यावं लागलं.

मला आकड्यापेक्षा वेगळ्याच गोष्टीचं अप्रूप वाटतं. पहिल्यांदा रक्त देणं तसं सोपं असतं. अंगात उत्साह असतो, मित्र बरोबर असतात, नंतर घरी सांगायला काहीतरी मिळतं. मी विचार करते तो त्यांच्या चारशेव्या वेळेचा. त्या दिवशी पाऊस असेल, ऑफिसात काम तुंबलेलं असेल, अंगात कणकण असेल. त्या दिवशी न जाता सहज चाललं असतं, कुणाला पत्ताही लागला नसता. तरी माणूस उठून गेला. २००५ मध्ये त्यांची पत्नी वारली, त्यानंतरही ते जात राहिले. माझ्या दंडात जे औषध गेलं ते अशाच कुणाच्या तरी साध्या, कंटाळवाण्या वारांमधून आलं होतं.

बाळंतपणानंतर इथे नऊ महिने रक्त देता येत नाही. ते संपल्यावर मी नाव नोंदवलं. अँटी-डीच्या दात्यांत मात्र मला घेणार नाहीत. त्यांतल्या बऱ्याच जणांना मुद्दाम थोड्या पॉझिटिव्ह पेशी टोचून त्यांच्या अँटीबॉडीज वाढवतात, आणि अजून मूल होऊ शकणाऱ्या निगेटिव्ह बाईच्या बाबतीत तसं करणं म्हणजे पुढच्या बाळाच्या जिवाशी खेळ. म्हणून मी साधं रक्त देते आणि मधूनमधून प्लाझ्मा. भारतात जाऊन आलं की मलेरियाच्या शक्यतेमुळे चार महिने रक्त घेत नाहीत, पण प्लाझ्मा चालतो. त्यामुळे आमच्या ओळखीतले मराठी लोक दिवाळीला घरी जाऊन आले की प्लाझ्माच्या खुर्चीतच भेटतात.

ज्यांनी कधी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. आधी लांबलचक प्रश्नपत्रिका असते. मग नर्स नाव आणि जन्मतारीख विचारते, थोड्या वेळाने दुसरी येते आणि तेच पुन्हा विचारते. दंडाला पट्टा, हातात पिळायला मऊ चेंडू. मशीन रक्त ओढून घेतं, घुसळून प्लाझ्मा वेगळा काढतं आणि लाल पेशी त्याच नळीने परत सोडतं. परत येताना हात गार पडतो आणि ओठांना हलक्या मुंग्या येतात, कारण रक्त गोठू नये म्हणून घातलेल्या औषधाने थोडा वेळ कॅल्शियम कमी होतं. नर्सला सांगितलं की ती वेग कमी करते. अंगावर घ्यायला पांघरूण देतात. पाऊण तासात बाजूची पिशवी भरते. प्लाझ्मा दिसतो फिकट पिवळा, ताकावरच्या निवळीसारखा. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी नर्सला, एवढंच असतं का, असं विचारलं होतं. ती पिशवी पुढे मेलबर्नच्याच ब्रॉडमेडोज भागातल्या कारखान्यात जाते आणि तिथे तिची वेगवेगळी औषधं होतात.

दर वेळी शेजारच्या खुर्चीत कुणी ना कुणी जुनं जाणतं असतं. एक आजोबा मला वरचेवर भेटतात. उजव्या हाताने देतात, डाव्या हाताने शब्दकोडं सोडवतात, आणि मी दिसले की आधी क्रिकेटची चौकशी. सुरुवात कशी झाली, असं एकदा मी त्यांना विचारलं. मला वाटलं, घरात काही आजारपण वगैरे झालं असेल. तसं काही नव्हतं. ऑफिसातली एक बाई रक्त द्यायला जायची, एकटीने जायला कंटाळा येतो म्हणाली, म्हणून हे सोबत गेले. "ती पुढे पर्थला राहायला गेली," ते म्हणाले. "मी येत राहिलो." एवढं बोलून त्यांनी मला कोड्यातल्या एका नदीचं नाव विचारलं. त्या बाईला आपण काय सुरू करून दिलं याची कल्पनाही नसेल.

झाल्यावर खायला 'पाय' (इथली सारण भरलेली पेस्ट्री), बिस्किटं, मिल्कशेक. पैसे मिळत नाहीत, ते कायद्यातच बसत नाही. सगळं आलबेल आहे असंही नाही. प्लाझ्मापासून होणाऱ्या काही औषधांची गरज इतकी वाढली आहे, की बराच साठा ऑस्ट्रेलियाला बाहेरून विकत आणावा लागतो, आणि तो ज्यांच्याकडून येतो त्यांतल्या अनेकांना प्लाझ्माचे पैसे मिळालेले असतात. अँटी-डीसाठी मेलबर्नच्या वॉल्टर अँड एलायझा हॉल इन्स्टिट्यूटमध्ये हॅरिसन आणि इतर दात्यांच्या पेशींवरून ती अँटीबॉडी प्रयोगशाळेत वाढवण्याचे प्रयत्न चालू आहेत. ते साधेल तेव्हा साधेल. तोवर कुणाला तरी खुर्चीत बसावंच लागणार.

निघताना काउंटरवरची मुलगी पुढची तारीख विचारते. दिली की फोनवर नोंद होते, आदल्या दिवशी आठवण येते. मला इथल्या पद्धतीतलं सगळ्यात शहाणपणाचं हेच वाटतं. चांगुलपणा मनात दाटून येण्याची वाट बघायची नाही, तारीख घेऊन ठेवायची.

आपल्याकडे माणसं मागे नाहीत, हे मी इथल्या मैत्रिणींना ठासून सांगते. रक्तसंकलनात महाराष्ट्र देशात पुढे आहे. शिवजयंती, गणपती, नेत्यांचे वाढदिवस, सगळीकडे शिबिरं लागतात. व्हॉट्सॲपवर 'तातडीने बी निगेटिव्ह हवे' असा निरोप फिरला की अनोळखी पोरं रात्री दोनला बाइकवर हॉस्पिटल गाठतात. ज्या गटाला जग बॉम्बे ब्लड ग्रुप म्हणून ओळखतं तो १९५२ मध्ये मुंबईतच डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधला. तो इतका दुर्मीळ, की त्याच्या एका बाटलीसाठी दाते दुसऱ्या जिल्ह्यात जाऊन रक्त देतात. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे १ जानेवारी १९९८ पासून पैसे घेऊन रक्त देणं देशात बंद झालं, आणि आपली व्यवस्था आपल्याच लोकांनी सांभाळली.

पण आपलं देणं सणावाराला येतं आणि गरज मात्र रोजची असते. थॅलेसेमियाच्या, म्हणजे अंगात रक्त नीट न बनण्याचा आजार असलेल्या, मुलांना दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागतं, त्यांना गणेशोत्सव कुठला थांबायला? मे महिन्यात कॉलेजं बंद झाली की रक्तपेढ्या रिकाम्या होतात. दिवाळीच्या सुट्टीतही तेच. आणि लाल पेशी साठवून तरी किती दिवस साठवणार? सहा आठवड्यांत मुदत संपते. एकाच दिवशी शेकडो बाटल्या जमण्यापेक्षा त्याच माणसांनी वर्षभरात विभागून दिल्या तर जास्त कामी येतात.

साताऱ्याला माझ्या दादाशी यावर फोनवर बरंच बोलणं झालं. वहिनी ए निगेटिव्ह. तिच्या बाळंतपणात अँटी-डीसाठी तो औषधांच्या दुकानांतून वणवण फिरला होता, त्यामुळे त्याला फार पटवावं लागलं नाही. आपल्याकडे पुरुषांना ९० दिवसांनी आणि बायकांना १२० दिवसांनी रक्त देता येतं. दादाने वर्षाच्या चार तारखा ठरवून टाकल्या. त्यातली एक मुद्दाम मे महिन्यातली. शिबिर असो नसो, थेट रक्तपेढीत जातो. आता त्याच्या दुकानातला पोरगाही बरोबर जायला लागलाय.

आता घरी वाचणाऱ्यांसाठी कामाचं. सून, लेक, बहीण, कुणीही गरोदर असेल तर पहिल्या तपासणीतच रक्तगट विचारून घ्या. निगेटिव्ह असेल आणि नवरा पॉझिटिव्ह असेल तर अँटीबॉडी आहेत का हे बघायची इनडायरेक्ट कूम्ब्स टेस्ट कधी करायची आणि अँटी-डी कधी द्यायचं हे डॉक्टरांकडून लिहूनच घ्या. बाळ पॉझिटिव्ह निघालं तर बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत इंजेक्शन मिळायला हवं. गर्भपात झाला, पोटावर मार लागला किंवा मधेच रक्तस्राव झाला, तरी डॉक्टरांना लगेच विचारा. घरात गाजावाजा नको म्हणून नेमकं हेच राहून जातं. हे इंजेक्शन फ्रिजमध्ये ठेवावं लागतं आणि तालुक्याला हमखास मिळेलच असं नाही, म्हणून डॉक्टरांनी दिलेल्या तारखेच्या आधीच हॉस्पिटलला सांगून मागवून ठेवा.