माउलींच्या वाटेवर भेटलेला महाराष्ट्र

पंढरीच्या वारीतल्या दिवेघाटाचे फोटो आपण सगळ्यांनीच पाहिलेत. त्यात घाम तेवढा दिसत नाही. ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीच्या रथाला जादा बैलजोड्या जुंपलेल्या, ऊन मी म्हणतंय आणि माझ्या पुढे डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेली एक मावशी एकदाही न थांबता चढतेय. मी पुणेकर. आमचा अभिमान बहुतेक वेळा हडपसरच्या पुढे जात नाही. तो यंदा गेला.

आमच्या दिंडीत परभणीकडची माणसं जास्त. "पाय दुखायलेत का?" असं विचारून उत्तराची वाट न बघता तेलाची बाटली पुढे करणारी. वृंदावनवाल्या मावशी यवतमाळच्या. स्वतःची दशमी माझ्या हातावर ठेवून म्हणाल्या, "मले नाई लागत, तू खाय." सासवड, जेजुरी, वाल्हे असं करत नीरेत माउलींच्या पादुकांना स्नान घडलं आणि सातारा जिल्हा लागला. तोवर मला चार तऱ्हांची मराठी कळायला लागली होती. बोलणं मात्र सगळ्यांचं एकच, पेरणीचं. कुणाच्या तरी मुलाचा फोन यायचा, "वावर भिजलं," आणि अख्खी रांग खूश. ज्यांच्याकडे अजून थेंब नव्हता, तेही.

चांदोबाच्या लिंबाला पहिलं उभं रिंगण, म्हणजे वारकऱ्यांच्या रांगांमधून अश्वांची दौड. दोन अश्व, एकावर पताका घेतलेला स्वार, दुसऱ्याची पाठ मोकळी, कारण तिथे माउली बसतात. अश्व गेले की टापांखालची माती कपाळाला लावायला झुंबड. हे अश्व येतात बेळगाव जिल्ह्यातल्या अंकलीहून, शितोळे सरकारांकडून. आणि ज्याच्या भेटीला सगळे निघालेत, त्या विठ्ठलाला खुद्द ज्ञानेश्वरांनी कानडा म्हटलंय. सीमेवरून गळे काढणाऱ्यांनी एकदा या मातीत उभं राहावं, असं मला तरी वाटलं.

पण मला सगळ्यात आवडली ती संध्याकाळची समाजआरती. हैबतबाबा आरफळकरांनी १८३२ साली या सोहळ्याला आजचं रूप दिलं. ते ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी होते, त्यामुळे शिस्त लष्करी. पालखी तळावर आली की दिंड्या भोवती उभ्या राहतात. चोपदार हातातला दंड, म्हणजे चोप, उंचावतात आणि हजारो टाळ एका क्षणात थांबतात. ज्या दिंडीची तक्रार असेल, तिने फक्त टाळ वाजवत राहायचं. चोपदार तिच्याकडे जातात, गाऱ्हाणं ऐकतात, निवाडा तिथल्या तिथे. मग हरवल्या-सापडल्याची घोषणा, उद्या निघायची वेळ आणि आरती. एवढ्या गर्दीत तक्रार करायची इतकी सभ्य रीत मी आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्येही पाहिलेली नाही.

फलटणच्या पुढे एका मुक्कामी आमच्याच दिंडीने टाळ चालू ठेवले. पाण्याचा टँकर आमच्या राहुट्यांकडे फिरकलाच नव्हता. मीही वाजवत होतो, ताल चुकवत. चोपदार आले, आमच्या विणेकऱ्यांशी बोलले, टाळ थांबले. टँकर रात्री उशिरा आला. परभणीच्या काकांनी आधी शेजारच्या दिंडीच्या घागरी भरू दिल्या. "त्यांच्यात म्हातारी माणसं जास्त हायेत," म्हणाले. आमच्यातल्या दोघांना ते अजिबात पटलं नाही. मलाही नाही, तक्रार आम्ही केली होती! काका हसले आणि माझ्याच हातात शेजारच्या दिंडीची घागर दिली.