दारवानाच्या घरी कोण गेलं?

रविवार, रात्र

टॉल्किनच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' या अद्भुत कादंबरीचा तिसरा खंड पुन्हा वाचून संपवला. कॉलेजात असताना याचा शेवट फार लांबवलाय असं वाटायचं. अंगठी ज्वालामुखीत पडली, सैतानाचा मनोरा कोसळला, मग पुढची एवढी पानं कशाला? आता तीच पानं जास्त आवडीने वाचतो. लग्न लागून गेल्यावर कुणी काय आहेर केला ते बारकाईने बघणाऱ्या आत्याबाईंसारखी माझी गत झालीय. कोण परतलं, कुणाला काय मिळालं, कुणाचं नाव राहून गेलं.

तसा टॉल्किन हिशेबाला पक्का. मोरियाच्या भुयारांच्या दाराशी सोडून दिलेलं बिल नावाचं तट्टूसुद्धा ब्री गावाला सुखरूप पोचलेलं सापडतं. ती खडूस लोबेलिया कैदेतून छत्रीचा आधार घेत बाहेर येते तेव्हा लोक तिचा जयजयकार करतात, आणि मरताना ती आपले पैसे बेघर झालेल्या हॉबिटांसाठी, म्हणजे तिच्याच बुटक्या जातभाईंसाठी, ठेवून जाते. एवढ्या बारक्या माणसांची आठवण ठेवणारा लेखक, म्हणून तर एक माणूस मला जास्तच टोचतो.

मिनास टिरिथ या राजधानीतल्या दफनभूमीचा दारवान. त्याला नावही नाही. वेडापिसा झालेला शहराचा कारभारी डेनेथॉर आपल्या तापाने फणफणलेल्या मुलाला, फॅरामिरला, जिवंत जाळायला निघालाय. पिपिन नावाच्या हॉबिटकडून ते कळताच बेरेगोंड नावाचा शिपाई पहारा सोडून धावतो. दारवान त्याला आत सोडत नाही. का सोडावं? दार राखणं हेच त्याचं काम. जादूगार गॅंडाल्फ आणि पिपिन पोचतात तेव्हा दार उघडं, दारवान मरून पडलेला. बेरेगोंड पुढे म्हणतो की याची खंत मला कायम राहील, पण घाईने डोकं फिरलं होतं, तो ऐकेना, उलट त्यानेच तलवार उपसली. आणि मेलेल्याच्या हातून हिसकावून घेतलेल्या त्याच किल्लीने तो दार बंद करतो. ही किल्ली मला दर वेळी अडवते.

आत डेनेथॉरचे दोन नोकरही बेरेगोंडच्या तलवारीने पडलेले असतात. म्हणजे तीन माणसं गेली, तिघंही आपल्याच बाजूची, हुकूम पाळणारी. पुढे राजा अ‍ॅरागॉर्न न्यायनिवाडा करतो. आरोप काय, तर पवित्र जागी रक्त सांडलं आणि परवानगीशिवाय पहारा सोडला. जुन्या कायद्याने याला देहदंड. बेरेगोंडचं शौर्य आणि फॅरामिरवरची माया बघून राजा शिक्षा माफ करतो, पण शहर सोडून जायला सांगतो. बेरेगोंडचा चेहरा पडतो, आणि मग कळतं की त्याला फॅरामिरच्याच रक्षकदलाचा प्रमुख नेमलंय. फार सुंदर निवाडा आहे, वाचताना घसा दाटतो. फक्त रक्त कुणाचं सांडलं, हे त्या दरबारात कुणी विचारत नाही.

राजाचं चुकलं असं मी म्हणत नाही. मी असतो तरी बेरेगोंडला सोडलंच असतं. पण एखादा माणूस दारवानाच्या घरी गेला असेल की नाही?

शेलॉबचं वेगळं. सॅम या हॉबिटने जखमी केल्यावर ती आठ पायांची अजस्र कोळी-राक्षसीण बरी झाली की मेली, हे ही कथा सांगत नाही, असं लेखक सरळ म्हणतो. ते मला चालतं. गोष्ट कुठे संपते ते सांगून हात झटकले. एंटांच्या, म्हणजे चालत्याबोलत्या झाडांसारख्या प्राण्यांच्या, हरवलेल्या बायकांबद्दल मात्र त्याने नंतर एका पत्रात लिहिलं की त्या बहुधा आपल्या बागांसकट नष्ट झाल्या. हे लिहायला नको होतं बुवा. वाचकाच्या आशेवर पाणी ओतायची गरज काय होती?

सकाळी तपोवनात चक्कर झाली होती. कपिला-गोदावरीच्या संगमाकडे लक्ष्मण शूर्पणखेचं नाक कापतोय ते शिल्प आहे, बाहेरगावची मंडळी तिथे फोटो काढत असतात. आम्ही नाशिककर इतक्या वेळा बघतो की बघतच नाही. आज मुद्दाम थांबलो, कारण डोक्यात दारवान होता. शूर्पणखेचा नवरा रावणाच्याच हातून गेलेला, खर-दूषण इथे जनस्थानात मारले गेले, मग लंकाही गेली. युद्धकांडात लंकेच्या बायका आपल्या मेलेल्या माणसांसाठी रडतात तेव्हा या म्हातारीमुळे सगळं झालं म्हणून तिच्याच नावाने बोटं मोडतात. पुढे विभीषणाला राज्याभिषेक होतो, त्यात ती कुठेही नाही. तिची बाजू घ्यायची माझी इच्छा नाही, सीतेला खायला धावलेली बाई ती. पण एका कापलेल्या नाकावरून एवढं रामायण घडलं आणि ती मात्र त्यातून गळून पडली.

संध्याकाळी भाची आली. दहावीला आहे, अभ्यास सोडून बाकी सगळं करते. तिच्यापुढे दारवानाचं रडगाणं लावलं तर म्हणाली, "मामा, नुसता कुढत काय बसतोस, लिहून काढ ना." मी टाळाटाळ केली तर तिनेच वहीची मागची पानं उघडली. तिच्या गोष्टीत दारवानाची बायको आहे, एक धाकटा मुलगा आहे आणि राज्याभिषेकाच्या धामधुमीत त्यांच्या दारात कुणीतरी येतं. मला वाटलं, बेरेगोंडला पाठवेल. ती म्हणाली, "छे! जीव कुणाचा वाचला? फॅरामिरचा. त्यानेच जायला पाहिजे."

हे मला इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं. पण फॅरामिर जिथे जाईल तिथे त्याच्या रक्षणाला बेरेगोंड असणारच, मग तो उंबऱ्याबाहेर थांबतो की आत येतो? यावर जेवणं होईपर्यंत आमची जुंपली. बहीण ओरडली तेव्हा थांबलो. भाचीने फॅरामिरला एकट्यालाच आत पाठवलंय आणि बाईने त्याला पाणी दिलंय, बस म्हटलेलं नाही. मी बेरेगोंडलाही आत नेला असता.