साठा कमी, तरी कॅल्शियम जास्त: माझी १,२५ व्हिटॅमिन डीची तपासणी

रक्तातलं कॅल्शियम ११.६ आलं, पुन्हा केलं तरी तेवढंच. घसा सतत कोरडा, लघवीला सारखं जावं लागायचं. पीटीएच, पॅराथायरॉइड ग्रंथींचं कॅल्शियम वाढवणारं हार्मोन, तपासलं तर ते एकदम खाली, म्हणजे त्या ग्रंथींवरचा संशय फिटला. मग डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिलं: १,२५ डायहायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी.

लॅबच्या काउंटरवर पावती निघाली ती २५ हायड्रॉक्सीची. मी चिठ्ठी पुढे केली. काउंटरवरून उत्तर आलं, “डी थ्रीच ना? एकच असतं ते.”

एकच नसतं. नेहमी करतात ती २५ची तपासणी शरीरातला साठा सांगते. त्या साठ्यातून मूत्रपिंड लागेल तेवढं १,२५ बनवतं. काम करतं ते हे रूप, पण रक्तात टिकतं काही तासच. साठा कमी असला की पीटीएच वाढतं आणि मूत्रपिंडाला कामाला लावतं, त्यामुळे कमतरता असतानाही १,२५ नॉर्मल, कधी जास्तसुद्धा येतं. नुसती कमतरता बघायची तर या तपासणीच्या नादी लागू नये.

शेवटी आतून टेक्निशियन आले, त्यांनी चिठ्ठी वाचली आणि पावती बदलून दिली. रक्त नेहमीसारखंच काढलं. सीरम वेगळं करून, गोठवून मोठ्या लॅबला जाणार होतं, त्यामुळे रिपोर्टला वेळ लागला.

जुन्या रिपोर्टात २५ हायड्रॉक्सी २२ होतं, नव्यात १,२५ आलं ९८. घरच्यांनी लगेच चौपटीचा हिशेब मांडला. पण पहिला आकडा नॅनोग्रॅममध्ये, दुसरा पिकोग्रॅममध्ये, म्हणजे हजारपट लहान मापात. हे दोन आकडे शेजारी ठेवून काहीच कळत नाही. ९८ जास्त होतं ते त्याच रिपोर्टावरच्या मर्यादेच्या मानाने.

डॉक्टरांना खटकलं ते वेगळंच. पीटीएच इतकं कमी असताना मूत्रपिंड गप्प बसायला हवं, मग हे बनवतंय कोण? सारकॉइडोसिस या आजारात शरीरात सुजेच्या बारीक गाठी होतात आणि त्या गाठींमधल्या पेशी स्वतःच १,२५ तयार करतात, पीटीएचला विचारतसुद्धा नाहीत. छातीच्या सीटी स्कॅनमध्ये लसिका ग्रंथी सुजलेल्या दिसल्या, बायोप्सीत निदान पक्कं झालं.

डी आणि कॅल्शियमच्या गोळ्या बंद झाल्या, उन्हात बसणं बंद झालं, स्टेरॉइड सुरू झालं. कॅल्शियम उतरत गेलं. १,२५ पुन्हा करायचं का, असं मी विचारलं. डॉक्टर म्हणाले, “कशाला? आता कॅल्शियम आणि मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन बघत राहू.”