नाकाचं ऐकायचं नाही

मालवण, रविवार रात्र

कानात अजून पाणी आहे. मान कलती केली की आत डुबुक वाजतं.

स्कूबा डायव्हिंग शिकायला आलोय. काल पोहण्याच्या तलावातल्या सरावात दोनदा पळालो, हे आधी लिहून टाकतो. काम म्हटलं तर साधं. तळाशी गुडघ्यांवर बसायचं, मास्कची कड उचलून पाणी आत घ्यायचं, मग वरची कड कपाळाशी दाबून हनुवटी वर करत नाकाने हवा सोडायची. हवा वर साठते, पाणी खालून निघून जातं. काठावर उभा असताना मी हे चौघांना समजावलं. पाणी नाकपुड्यांना लागलं मात्र, तोंडात टाकीतली हवा देणारा रेग्युलेटर, हवा भरपूर, तरी मी श्वास ओढला तो नाकानेच! ठसका लागला आणि थेट वर. दीड मीटर पाणी होतं म्हणून निभावलं. समुद्रात १० मीटरवर छातीत भरलेली हवा वर येईस्तोवर दुप्पट होते. श्वास कोंडून वर पळालो तर फुप्फुसच फाटायचं.

शिकवणारा पोरगा माझ्या निम्म्या वयाचा. रागावला नाही. "काका, पाणी येवंदे. तुम्ही खंय जातास?"

रात्री लॉजवर पडल्या पडल्या जलनेती आठवली. सर्दीसाठी दहा वर्षं करतोय. कोमट मिठाचं पाणी एका नाकपुडीतून आत, दुसरीतून बाहेर, आ वासून तोंडाने श्वास. तेव्हा मी आरामात रेडिओवरच्या बातम्या ऐकत असतो. नाक तेच, पाणीही खारटच. फक्त तिथे तांब्या माझ्या हातात असतो.

आज मास्क काठोकाठ भरू दिला. डोळे मिटले. तोंडाने तीन श्वास घेतले, बुडबुडे कानाजवळून खळखळत वर गेले. मग नाकाने सोडला, उसासा टाकतो तसा, लांब. अर्धं पाणी गेलं. परत एकदा. डोळे उघडले तर समोर पोरग्याचा ओकेचा हात.

थोडं पाणी मिशीपाशी राहतंच. केसांमुळे रबर चिकटून बसत नाही म्हणे. मिशी काढा, असं सुचवून झालंय. फोनवर बायकोला सांगितलं तर म्हणाली, "लग्नात मी सांगितलं होतं तेव्हा?"

उद्या समुद्र. दाढीचं सामान आणलंय. सकाळी बघू.