टिकाऊ नको, धुऊन जाणारा दाखवा

सांगलीच्या गणपती पेठेत स्टेशनरीचं दुकान चालवायचं म्हणजे गिऱ्हाईक काय मागेल याचा नेम नाही. टायरवर उमटेल असा मार्कर, कापडाच्या ताग्यावर फुटणार नाही असा, पावसात राहील असा. हळदीच्या पोत्यावर नंबर टाकायला कुठला चालतो हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. पण परवाच्या मे महिन्यात, भर दुपारी, एक ताई काउंटरवर दोन्ही हात टेकून म्हणाल्या, "काका, बर्फावर लिहायला काही आहे का?"

मला वाटलं, गोळ्याच्या गाडीची पाटी रंगवायची असेल. तसं विचारलंही. त्या हसल्या. मूळच्या विश्रामबागच्या, आता कॅनडात लहान मुलांना आईस स्केटिंग शिकवतात. लहानपणी इथंच सिमेंटच्या कोर्टावर चाकांचं स्केटिंग शिकलेल्या. तेव्हा सर फक्की मारून रेषा आखायचे, आता ताई स्वतः बर्फावर मार्करने आखतात. तिकडे बहुतेक जण मुलांचे धुऊन जाणारे क्रेयोलाचे मार्कर वापरतात, नाहीतर बिंगोचे डॉबर. डॉबर म्हणजे तोंडाला स्पंज असलेली शाईची बाटली. हाऊजीसारख्या त्या खेळात आकडा आला की चौकोनावर ठप्पा मारायचा. मार्करची टोकं बर्फात फार लवकर मरतात, आणि तिकडे दोन-चार डब्यांना जे पैसे पडतात त्यात इथं खोकं येतं. सुट्टीला आल्याच होत्या, म्हटलं घेऊन जावं.

बर्फावर चित्रं काढायची कशाला, हा माझा पुढचा प्रश्न. गिऱ्हाईक काय करणार हे कळल्याशिवाय मार्कर देऊ नये, हे वडिलांनी शिकवलेलं.

तर साडेतीन-चार वर्षांचं पोर पायात पाती बांधून उभं केलं की ते एक तर आईकडे बघतं नाहीतर खाली बसतं. "गुडघे वाकव, पाय बाहेर ढकल" हे त्याला सांगून उपयोग नाही. त्यापेक्षा एक घर काढायचं, चार पावलांवर झाड, त्याच्यापुढं मासा. घरापासून माशापर्यंत जायचं. रेघ ओलांडायला उडी मारायची. पाय बाहेर नेऊन आत आणायला शिकवायचं तर बर्फावर लिंबांची माळ काढायची, एका लिंबाच्या दोन कडांवर दोन पाय. आणि पहिल्या दिवशी तर मार्कर पोराच्याच हातात द्यायचा. चित्र काढायला ते आपणहून खाली बसतं, दुसरं काढायला आपणहून उठतं. "पडून उठायला शिकवणं हाच पहिला महिना असतो काका, तो असा फुकटात होतो," असं त्या म्हणाल्या. मला हे फार पटलं. आमच्याकडे शिकवण्या घेणारे गिऱ्हाइकं बरेच आहेत, पण खडू कशाला हवाय याचा इतका विचार केलेलं कोणी भेटलेलं नाही.

मग मी शाईकडे वळलो. मार्कर कंपनीवर ओळखायचा नसतो, शाईवर ओळखायचा. परमनंटमध्ये स्पिरिट असतं. ते उडून जातं आणि रंग चिकटून बसतो, पाण्याला दाद देत नाही. व्हाइटबोर्डवाल्यातही स्पिरिटच, पण सोबत असा एक तेलकट पदार्थ असतो की रंग पृष्ठभागाला धरत नाही, नुसता वर बसतो. आणि स्केचपेन, धुऊन जाणारे मार्कर हे पाण्यातल्या शाईचे. टोक वाळू नये म्हणून त्यांत ग्लिसरीनसारखं काहीतरी घातलेलं असतं, तेच थंडीत त्यांना लगेच गोठूही देत नाही.

ताईंच्या अटी अशा: अर्धा तास पोरांच्या पायाखाली रेघ दिसली पाहिजे, हातमोज्याला लागली तर घरी धुतल्यावर गेली पाहिजे, आणि बर्फ साफ करणारं मशीन फिरलं की मागे काही राहता कामा नये.

"म्हणजे आयांनी माझ्याकडे परत आणलेला माल तुम्हाला पाहिजे," मी म्हटलं. जाड टोकाचे काही स्वस्त मार्कर आहेत, त्यांची तक्रार ठरलेली: वहीवर पाण्याचा थेंब पडला की चित्र गेलं. खोकंभर माल वरच्या फळीवर पडून होता.

पण बर्फावर घासून बघितल्याशिवाय कसं सांगणार? त्यांनी घरी फ्रिजमधल्या बर्फावर करून पाहिलं होतं. सांगलीचा मे महिना. ट्रे बाहेर काढला की बर्फाला पाणी सुटतं आणि टोक नुसतं घसरतं. रिंकचा, म्हणजे स्केटिंगच्या मैदानाचा, बर्फ उणे चार-पाच अंशांना असतो, कोरडा. त्यावर टोक धरतं.

कुपवाडच्या बाजूला एक बर्फाचा कारखाना आहे, त्यांची बिलबुकं माझ्याकडून जातात. मालकांना फोन केला, गल्ल्यावर पोराला बसवलं आणि ताईंच्या भावाच्या गाडीतून आम्ही निघालो. धंद्याच्या दृष्टीने वेडेपणाच. पण दुपारी पेठेत असतंच कोण?

लादी तयार होते ती मोठ्या टाकीत. टाकीत मिठाचं पाणी, ते शून्याच्या बरंच खाली थंड केलेलं. मिठामुळे गोठत नाही. त्यात पत्र्याचे उभे डबे सोडलेले, डब्यात साधं पाणी, वरून लाकडी फळ्या. त्या फळ्यांवरूनच चालायचं. लादी काढताना डबा साध्या पाण्यात बुडवून सोडवतात, म्हणजे बाहेर आलेली लादी ओलीच. हे ताईंच्या आधी तिथल्या कामगाराने ओळखलं. म्हणाला, "भायेर काढून काय उपयोग न्हाय ताई, हितंच डब्यात लिवा की." आणि त्याने एक फळी उचलली.

मालकांनी मात्र हात आडवा केला. खाण्याच्या बर्फाला पेन लावायचा नाही. बरोबरच होतं. महाराष्ट्रात 2018 पासून न खाण्याच्या बर्फात निळा रंग घालायचा नियम आहे, तेव्हा तसल्या निळसर डब्यांच्या रांगेकडे आम्हाला पाठवलं. लादी कडेने काचेसारखी आणि मधोमध धुरकट असते. पाणी बाहेरून आत गोठत जातं, हवा आणि क्षार मध्ये ढकलले जातात. ताईंनी त्या धुरकट भागावरच लिहायचं ठरवलं, रेघ उठून दिसावी म्हणून. रिंकवर ती अडचण नाही. तिथं बर्फाची एकूण जाडी इंच-सव्वा इंच, आणि खालच्या थरात पांढरा रंग मारलेला असतो. तिथं खेळतात त्या आईस हॉकीच्या रेषाही तशाच बर्फाच्या आत रंगवलेल्या असतात.

फळीवर गुडघे टेकून बसल्यावर ताईंनी पहिल्यांदा बर्फ हाताने स्वच्छ पुसला. वर पांढरी भुकटी असली की ती टोकात शिरते आणि शाई बंद होते, म्हणून हे आधी. मग टोक आडवं धरून मागे ओढायचं, पुढे ढकलायचं नाही. परमनंटची रेघ झकास आली, व्हाइटबोर्डची त्याहून काळीभोर. माझ्या स्वस्त मार्करची फिकी आली, पण दोनदा फिरवल्यावर दिसायला लागली. थोड्या वेळाने सगळीच टोकं अडू लागली, तेव्हा ताईंनी ती मुठीत धरून ऊब दिली. तिकडे त्या दोन-तीन मार्कर कोटाच्या आतल्या खिशात ठेवतात आणि आलटून पालटून वापरतात.

आता मशीनची परीक्षा. त्या मशीनला सगळे झांबोनी म्हणतात; फ्रँक झांबोनी नावाच्या गृहस्थाने ते 1949 साली कॅलिफोर्नियात बनवलं. त्याआधी तीन-चार माणसं तासाहून जास्त वेळ रिंक तासत, धूत बसायची. मशीन पात्याने वरचा पापुद्रा काढतं आणि मागून गरम पाण्याचा पातळ थर पसरतं. आमच्याकडे पात्याच्या जागी स्टीलची पट्टी आणि पाण्याच्या जागी कामगारांच्या चहाचं आधण.

पट्टीने खरवडल्यावर पाण्याच्या शाईची रेघ भुकटीबरोबर निघाली, उरली ती पाण्यात विरली. परमनंटचे ठिपके बारीक चरांतून तसेच बसले. व्हाइटबोर्डने काढलेला मासा मात्र खरवडायचा राहिला होता. त्यावर आधण पडलं आणि अख्खा मासा, शेपटीसकट, बर्फावरून सुटून पाण्यावर तरंगायला लागला. शाई पाण्यात विरघळत नाही आणि खाली धरतही नाही, दुसरं काय होणार. पण कामगार ओरडला, "आयला, मासा जित्ता झाला की ओ!" आणि बाकीचे काम टाकून बघायला आले. ताईंनी मोबाइलवर ते टिपलं. वापरायच्या दृष्टीने ती शाई बाद, तरंगलेले तुकडे हातमोज्यांना फासणार.

रंगांचंही तिथंच ठरलं. लाल आणि निळा नको, हॉकीच्या रेषांत मिसळतात. पिवळा दिसतच नाही. काळी रेघ लहान मुलांना भेग वाटते आणि ती पाय टाकायला घाबरतात. राहिले हिरवा, जांभळा, नारिंगी.

गाडीत त्यांनी सांगितलं की पूर्वी स्केटिंगच्या स्पर्धेत बर्फावर आकृत्या गिरवण्याचा एक अख्खा भाग असायचा: पात्यानेच वर्तुळं काढायची, त्यावरूनच पुन्हा जायचं, आणि परीक्षक वाकून ती रेघ तपासायचे. 1990 नंतर जागतिक स्पर्धेतून तो गेला. त्यांना त्याची हळहळ वाटते. मला काही कळत नाही त्यातलं, पण हस्ताक्षराचे मार्क काढून टाकले तेव्हा आमच्या मास्तरांचा चेहरा असाच झाला होता.

दुकानात आल्यावर डॉबरचं काय हे राहिलंच होतं. मी गोंदाच्या स्पंजवाल्या रिकाम्या बाटल्या काढल्या, पाण्यात खायचा हिरवा रंग कालवला, मेडिकलमधून ग्लिसरीन आणून थोडं घातलं. जास्त घातलं तर रेघ गोठणार नाही, चिकटत राहील, म्हणून बेतानेच. ताई वरच्या फळीवरचं सगळं खोकं घेऊन गेल्या, त्यातले लाल-निळे माझ्याकडेच ठेवून. बाटल्यांचे पैसे मी घेतले नाहीत.

पंधरवड्याने त्यांचा निरोप आला. मार्कर चांगले चालले, जांभळे आधी संपले. स्पंजच्या बाटलीने मोठी वर्तुळं फार छान येतात, पण झाकण ढिलं आहे, बॅगेत सांडून एक स्वेटर हिरवा झाला. पुढच्या सुट्टीत आणखी बाटल्या लागतील, तोवर आट्याचं झाकण असलेली मिळते का बघून ठेवा. मिरजेच्या एका होलसेलवाल्याला मी सांगून ठेवलंय.