बांधातले मणके

खानदेशात कोणी "डायनोसॉरचं हाड" घेऊन आलं की मी बहुतेकदा नाही म्हणतो. आपल्या पायाखाली बेसॉल्ट, म्हणजे लाव्हाचा काळा दगड, त्यावर तापीचा गाळ, आणि तो फारच अलीकडचा. ती हाडं ज्या लमेटा नावाच्या जुन्या खडकाच्या थरात मिळतात, तो बेसॉल्टच्या खाली असतो. नर्मदेच्या खोऱ्यात तो उघडा पडतो.

मे महिन्यात शिरपूरकडच्या एका विद्यार्थ्याचे वडील मुलाला आणि खताची गोणी घेऊन आले. गोणीत एक दगड. तो सासुरवाडीचा, मध्य प्रदेशातल्या कुक्षीकडचा, म्हणजे नर्मदेच्या खोऱ्यातला. "सर, हाई हाड शे का दगड?"

तुटलेल्या कडेवर भिंग धरलं. बारीक, गुंफलेली जाळी होती. बेसॉल्टमधली भोकं अशी कधीच नसतात. एक बाजू वाटीसारखी खोल, दुसरी चेंडूसारखी फुगीर. शेपटीचा मणका, टायटॅनोसॉर या लांब मानेच्या डायनोसॉरचा! माझे हात थरथरले.

एका सहकाऱ्याने फोटो काढून वर्तमानपत्राला फोन लावायची तयारी केली. म्हणे नवी जात, शिरपूरचं नाव द्या. या घाईची मला चीड आहे. १८७७ साली जीवाश्मांचे अभ्यासक लिडेकर यांनी जबलपूरच्या अशाच मणक्यांवरून टायटॅनोसॉरस इंडिकस हे नाव दिलं. मग तशा शेपट्या जगभर निघाल्या, आणि २००३ साली विल्सन आणि अपचर्च या अभ्यासकांनी दाखवलं की तेवढ्यावरून जात ओळखताच येत नाही. त्या वंशात घातलेल्या १४ जातींपैकी ५च टिकल्या. त्यातली एक आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावची, तिला आता आयसिसॉरस म्हणतात. ती टिकली, कारण तिथे एकाच प्राण्याची मान, पाठ, शेपटी हाती लागली होती.

हे सगळं मी बापलेकांना अर्धा तास सांगत बसलो. जे आधी विचारायचं, ते शेवटी विचारलं. अजून काही निघालं होतं का?

"आठ-दहा व्हतात. बांधमा टाकी दिधात."

मुलगा म्हणाला, "नांगरताना निघाले सर. मामा सांगतो, माळेसारखे ओळीत होते."

ओळीत! कोणता कोणाला लागून होता, कोणत्या थरात होता, सगळं तीन वर्षांपूर्वीच ट्रॅक्टरखाली गेलं. मामांचा काय दोष? त्यांच्यापर्यंत आमच्यापैकी कोणी कधी पोचलंच नाही.

धुऊ नका, उपटू नका, शेजारी काडेपेटी ठेवून फोटो काढा, एवढं बजावलं. भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला पत्र लिहिलं. चौथ्या दिवशी फोटो आले. सात मणके मोजता आले, दोन सिमेंटखाली अर्धे बुजलेले. काडेपेटीच्या मापाने कागदाचे सात तुकडे कापलेत. शेपूट टोकाकडे बारीक होत जाते, त्या हिशेबाने रोज रात्री ते टेबलावर लावतो. तिसरा आणि चौथा अजून जुळत नाहीत.