आमची वाटचाल : ड्रॉइंग आणि पासवर्ड मालकाचा

२००९ साली मी आणि माझा कॉलेजचा मित्र, आम्ही दोघांनी सांगलीत विश्रामबागला एका झेरॉक्सच्या दुकानामागची खोली भाड्याने घेतली आणि कॉम्प्युटर एकमेकांना जोडायचं, म्हणजे नेटवर्किंगचं काम सुरू केलं. भांडवल म्हणाल तर वायरीला जॅक दाबून बसवायचं एक क्रिम्पिंग टूल, एक केबल टेस्टर, नेटवर्कच्या कॅट फाइव्ह ई केबलचा ३०५ मीटरचा एक बॉक्स आणि मित्राची गाडी. तेव्हा लोकांना वाटायचं नेटवर्किंग म्हणजे काय, वायर ओढायची, टोकाला जॅक मारायचा, ते तर आमचा इलेक्ट्रिशियन पण करतो. आणि पहिली दोन वर्षं आम्ही पण तेवढंच केलं, मिळेल ते काम घेतलं, पण ते नीट केलं. केशरी-पांढरी, केशरी, हिरवी-पांढरी, निळी, निळी-पांढरी, हिरवी, तपकिरी-पांढरी, तपकिरी, केबलमधल्या आठ तारांचा हा क्रम आजही हात आपोआप लावतात. आणि या तारा दोन-दोनच्या जोडीने पिळलेल्या असतात, तो जोडीचा पीळ अर्ध्या इंचापेक्षा जास्त उसवायचा नाही, कारण तो पीळच शेजारच्या जोडीचा त्रास अडवतो, जास्त उसवला की टेस्टरवर आठही दिवे लागतात पण मोठी फाइल कॉपी करायला घेतली की स्पीड मिळत नाही.

आमचं काम खरं बदललं ते कुपवाड एमआयडीसीतल्या एका कारखान्यामुळे, २०११ साली. दुपारी तीनला फोन आला की सगळं बंद आहे, डिस्पॅचची बिलं निघत नाहीत, बाहेर ट्रक उभे आहेत. गेलो तर स्विचचे, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरच्या वायरी जिथे येऊन जोडतात त्या डब्याचे, सगळे दिवे एकाच वेळी वेड्यासारखे लुकलुकत होते. म्हणजे कुठेतरी लूप झालाय, वायर फिरून परत तिथेच जोडली गेलीय हे कळलं, एका कॉम्प्युटरने सगळ्यांना मारलेली हाक, जिला ब्रॉडकास्ट म्हणतात, ती गोल गोल फिरत राहते आणि वाढत जाते, मग कामाच्या डेटाला जागाच उरत नाही. पण लूप आहे कुठे? पाच ठिकाणी स्विच, साठ-सत्तर वायरी, एकावर पण लेबल नाही, कुठली वायर कुठून कुठे जाते याचं ड्रॉइंग नाही, आणि आधी ज्याने काम केलं होतं तो फोन उचलत नव्हता. एकेक वायर काढत, बघत रात्री साडेआठला स्टोअरच्या टेबलाखाली सापडलं. झाडताना कुणाला तरी वायरचं सुटं टोक दिसलं, पडलंय म्हणून त्याने चांगल्या भावनेने ते, वायरीचं दुसरं टोक ज्यात होतं त्याच छोट्या स्विचमध्ये लावलं होतं, बस्स एवढंच. काढायला एक सेकंद लागला आणि शोधायला साडेपाच तास, ते पण फक्त कागद नव्हता म्हणून. त्या बिचाऱ्या झाडणाऱ्या माणसाचा काही दोष नव्हता, मी मालकांना तसं स्पष्ट सांगितलं.

त्या दिवसापासून ठरवलं की आधी ड्रॉइंग, मग वायर. प्रत्येक वायरीला दोन्ही टोकांना नंबर, स्विच मॅनेज्ड, म्हणजे सेटिंग करता येतात असा घ्यायचा आणि त्यात स्पॅनिंग ट्री नावाची सोय चालू ठेवायची म्हणजे लूप झालाच तर स्विच स्वतःच ते पोर्ट बंद करतो. कोटेशन महाग व्हायचं, बरीच कामं हातची गेली, घरी पैशाची ओढाताण झाली, पण मागे फिरलो नाही.

मग २०१४ मध्ये मिरजेतल्या एका हॉस्पिटलचं काम आलं. तिथे पेशंटच्या नातेवाइकांचं वायफाय, बिलिंग आणि एक्स-रे सगळं एकाच नेटवर्कवर होतं, म्हणजे बाकड्यावर बसलेल्या माणसाला मोबाइलवरून बिलिंगचा कॉम्प्युटर दिसत होता. वेगवेगळे व्हीलॅन, म्हणजे एकाच वायरिंगवर एकमेकांना न दिसणारी नेटवर्क करायची होती, पण फायरवॉलचा, म्हणजे नेटवर्कमध्ये काय आत-बाहेर जातं ते अडवणाऱ्या यंत्राचा, पासवर्ड आधीच्या व्हेंडरकडे आणि तो द्यायलाच तयार नाही. वस्तू डॉक्टरांची, पैसे डॉक्टरांनी भरलेले, आणि किल्ली दुसऱ्याच्या खिशात! शेवटी रात्री सगळं फॅक्टरी रिसेट केलं, नव्याने उभं केलं, आणि सकाळी कळलं की एक्स-रेचे फोटो डॉक्टरांच्या स्क्रीनवर येत नाहीत, कारण मशीनमध्ये सर्व्हरचा जुना आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, टाकलेला आणि तो आम्हाला कुणी सांगितलेलाच नव्हता. तासभर पेशंट ताटकळले. मला ते फार लागलं.

तेव्हापासून काम संपलं की ड्रॉइंगच्या दोन प्रती करतो, आयपीची यादी जोडतो, आणि सगळे पासवर्ड एका बंद पाकिटात घालून मालकाच्या हातात देतो, सही घेतो. ओळखीचे लोक म्हणाले अरे असं केलं तर गिऱ्हाईक उद्या दुसऱ्याकडे जाईल. काही गेले पण. जाऊ देत, त्यांची वस्तू आहे.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये महापूर आला, आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, पेठेतल्या आमच्या एका व्यापाऱ्याचं तळमजल्याचं ऑफिस छतापर्यंत पाण्यात. रॅक, स्विच, वायरी सगळं चिखल. पाकीट वरच्या मजल्यावर कपाटात होतं आणि कॉन्फिगरेशनची फाइल आमच्याकडे, त्यामुळे पाणी ओसरून साफसफाई झाल्यावर दोन दिवसांत त्यांची बिलं परत निघायला लागली. नदीकाठच्या भागात आता तळमजल्यावर रॅक लावत नाही, गिऱ्हाईक कितीही म्हणू दे.

सिक्युरिटीचं मात्र आम्ही चुका करून शिकलो, हे लपवायचं नाही. २०१७ च्या मे महिन्यात फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा वॉनाक्राय व्हायरस आला तेव्हा आम्ही दोन दिवस घरी न जाता सगळ्यांचे विंडोज अपडेट केले, एकालाही फटका बसला नाही, आणि मनात आलं की आपल्याला जमतंय. मग २०२० चा लॉकडाउन. एका गिऱ्हाइकाच्या अकाउंटंटला घरून टॅली पाहिजे होतं, घाईत आम्ही रिमोट डेस्कटॉपचं ३३८९ पोर्ट, म्हणजे दुरून कॉम्प्युटर चालवायचं दार, सरळ इंटरनेटवर उघडून दिलं, नंतर नीट करू म्हणून. नंतर झालं नाही. तीन आठवड्यांनी सगळ्या फाइली एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद, सर्व्हरला लावलेली बॅकअपची हार्ड डिस्क पण गेली. मालक दर शनिवारी एक डिस्क घरी न्यायचे म्हणून वाचलो, चार दिवसांच्या एंट्र्या आमच्या दोन मुलांनी त्यांच्या ऑफिसात बसून परत टाकून दिल्या आणि त्या महिन्याचं बिल आम्ही लावलं नाही. आता घरून काम पाहिजे तर व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरून ऑफिसपर्यंतची सुरक्षित खासगी वाट, एक बॅकअप कायम वायरीपासून वेगळा, आणि सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचे २०२२ चे निर्देश आल्यापासून फायरवॉलचे लॉग, म्हणजे येण्या-जाण्याच्या नोंदी, १८० दिवस ठेवायची सोय प्रत्येक कोटेशनमध्येच धरतो.

आज आम्ही नऊ जण आहोत. नवीन मुलगा आला की पहिला महिना त्याला फक्त लेबल आणि ड्रॉइंगचं काम, स्विचला हात नाही. आमचं जुनं गिऱ्हाईक असाल आणि पाकीट सापडत नसेल तर संकोच करू नका, फोन करा, आम्ही येऊन सगळे पासवर्ड बदलतो आणि नवीन पाकीट देतो, त्याचे पैसे घेत नाही.